तुकडा तपासायला पाठवला, म्हणजे नेमकं काय केलं?

"चट्ट्यातला लहानसा तुकडा काढून तपासायला पाठवू," असं त्वचारोगतज्ज्ञांनी म्हटलं की समोर बसलेल्या माणसाचा चेहरा उतरतो. पाठोपाठ प्रश्न येतो, "डॉक्टर, कॅन्सर तर नाही ना?" बायोप्सी म्हणजे कॅन्सर, हे समीकरण आपल्या मनात पक्कं बसलं आहे. त्यापायी कित्येक जण तपासणी पुढे ढकलतात, मलमं बदलत राहतात आणि बघता बघता वर्ष निघून जातं. खरं तर आपल्याकडे त्वचेची बायोप्सी कॅन्सरपेक्षा इतर कारणांसाठीच जास्त होते. कुष्ठरोग, लायकेन प्लॅनस, सोरायसिस, पेम्फिगससारखे फोडांचे आजार, त्वचेचा क्षयरोग, केस गळून कायमचं टक्कल पाडणारे काही आजार अशी ही यादी बरीच लांब आहे. यातल्या बहुतेकांवर आज चांगले उपचार आहेत. फक्त आजार कोणता, हे आधी नक्की व्हायला हवं.

त्वचा तर डोळ्यांना दिसते, हात लावून पाहता येते. मग कापायचं कशाला? हा प्रश्न रास्त आहे आणि अनुभवी डॉक्टर बहुतेक वेळा नुसत्या नजरेनेच निदान करतात. पण आजार शेकडो असले तरी ते दाखवायचे त्वचेचे मार्ग मोजकेच आहेत. ती लाल होते, जाड होते, तिच्यावर खपली धरते, रंग उतरतो किंवा काळवंडतो, फोड येतात, व्रण पडतो. पाठीवरचा एखादा लालसर, खवलेदार चट्टा नायटा असू शकतो, इसब असू शकतं, सोरायसिस असू शकतो. क्वचित तो मायकोसिस फंगॉइड्सही निघतो. नावात 'फंगॉइड्स' असलं तरी ही बुरशी नव्हे. हा पांढऱ्या पेशींचा, त्वचेत सुरू होणारा आणि वर्षानुवर्षं इसबासारखा दिसत राहणारा कॅन्सर आहे. त्यात दुकानातून परस्पर आणलेलं स्टिरॉइडचं मलम महिनोन्‌महिने चोळलेलं असेल, तर मूळ आजाराचा चेहराच पुसला जातो. अशा वेळी वरून कितीही निरखलं तरी उत्तर मिळत नाही, ते खालच्या थरांत शोधावं लागतं.

त्वचेचा सर्वांत वरचा थर म्हणजे बाह्यत्वचा. बहुतेक ठिकाणी ती कागदाइतकीच पातळ असते. तिच्याखाली अंतस्त्वचा, म्हणजे रक्तवाहिन्या, नसांचे बारीक धागे, घामाच्या ग्रंथी आणि केसांची मुळं यांचा मुलूख. त्याखाली चरबी. कोणता आजार कुठल्या थरात ठाण मांडून बसतो यावरून त्याची ओळख पटते. म्हणून तुकडा किती खोल घ्यायचा हे आधी ठरवावं लागतं. वर उगवलेली छोटी गाठ असेल तर पात्याने वरच्यावर तासून घेतात. काळा तीळ वाढतोय, मेलॅनोमाची शंका आहे, असं असेल तर शक्यतो तो पूर्ण काढतात, कारण मेलॅनोमा किती मिलिमीटर खोल गेलाय यावर पुढचं सगळं अवलंबून असतं आणि वरवर तासलं तर ते मापच हरवतं. (आपल्या लोकांमध्ये हा कॅन्सर बरेचदा तळपायावर किंवा नखाखाली होतो. तळव्यावरचा वाढता काळा डाग काटा रुतल्याचा समजून सोडून देऊ नये.) मात्र सर्वांत जास्त होते ती पंच बायोप्सी.

पंच म्हणजे पेनासारखं धरायचं छोटं हत्यार. त्याच्या टोकाला गोल धारदार कडं असतं. अमेरिकन डॉक्टर एडवर्ड कीज यांनी १८८७ साली असं हत्यार वापरात आणलं आणि मूळ कल्पना अजून तीच आहे. आता ते एकदाच वापरून फेकून देतात. कड्याचा व्यास साधारण २ ते ८ मिलिमीटर असतो आणि नेहमीच्या कामाला ३ किंवा ४ मिलिमीटरचं घेतात. उपाशीपोटी यायची गरज नसते. उलट चार घास खाऊन आलेलं बरं, म्हणजे भीतीने चक्कर येण्याची शक्यता कमी होते. जागा पेनने खुणावून, स्वच्छ करून लिग्नोकेनचं, म्हणजे भुलेचं, इंजेक्शन देतात. खरा त्रास होतो तो इथेच, काही सेकंद चांगली जळजळ होते. लिग्नोकेनमध्ये बहुधा ॲड्रेनालिन मिसळलेलं असतं. त्याने रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्त कमी येतं. त्याचा परिणाम चढायला थोडी मिनिटं लागतात, म्हणून डॉक्टर थांबलेले दिसतात. त्यानंतर दाब जाणवतो, ओढल्यासारखं वाटतं, पण दुखत नाही.

डॉक्टर दोन बोटांनी त्वचा ताणून धरतात आणि पंच टेकवून फिरवत फिरवत चरबीपर्यंत नेतात. ताणायची दिशा ठरलेली असते, त्वचेच्या नैसर्गिक रेषांना आडवी. हात सोडला की गोल जखम लांबट होते आणि एका-दोन टाक्यांत रेषेसारखी मिटते. यानंतर येतो तो सगळ्यांत नाजूक क्षण. सुटा झालेला तुकडा अजून तळाशी चिकटलेला असतो. तो चिमट्यात करकचून धरून ओढला तर पेशी चिरडतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली निळ्या रेघोट्यांपलीकडे काही दिसत नाही. म्हणून तो सुईच्या टोकाने अलगद उचलतात आणि छोट्या कात्रीने बुडाशी कापतात. तुकडा लगेच फॉर्मॅलिनच्या बाटलीत जातो. रुग्णाचं नाव बाटलीच्या अंगावर लिहायचं असतं, झाकणावर नव्हे, कारण प्रयोगशाळेत झाकणं निघतात आणि अदलाबदल व्हायला वेळ लागत नाही. सगळं मिळून पंधरा-वीस मिनिटांचं काम.

हात लावण्याआधीचा एक निर्णय या सगळ्यापेक्षा मोठा असतो. तुकडा कुठून आणि कधी घ्यायचा? फोडांच्या आजारात कालचा-आजचा ताजा फोड हवा, कारण जुन्या फोडाच्या बुडाशी नवी त्वचा धरू लागते आणि फोड कोणत्या थरात पडला होता तेच कळेनासं होतं. न भरणाऱ्या व्रणाचा तुकडा मधून घेतला तर नुसती सडकी पेशीजालं हाती येतात, म्हणून तो कडेवरून घेतात. पेम्फिगसची शंका असेल तर दोन तुकडे लागतात. एक फोडाचा, आणि दुसरा फोडाशेजारच्या धडधाकट दिसणाऱ्या त्वचेचा. "चांगली कातडी कशाला कापता?" असं नातेवाईक विचारतात. उत्तर असं, की त्या दुसऱ्या तुकड्यात पेशींना एकमेकींपासून तोडणारी प्रतिपिंडं चमकणाऱ्या रंगाने पाहायची असतात आणि ती फोडाच्या आत नष्ट झालेली असतात. हा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये टाकला तर वाया गेला, त्याला वेगळं द्रावण लागतं. चट्ट्यावर स्टिरॉइडचं मलम चालू असेल तर ते डॉक्टरांना सांगितलंच पाहिजे. त्याने सूज दबते आणि तपासणीत अर्धवट चित्र दिसतं, म्हणून बरेचदा काही दिवस, शक्य असेल तर दोन आठवडे, मलम थांबवून मगच तुकडा घेतात.

महाराष्ट्रात बायोप्सीचं मोल सर्वांत चांगलं कळतं ते कुष्ठरोगात. या आजाराचं निदान मुळात बायोप्सीवर अवलंबून नाही, हे आधी सांगायला हवं. फिकट चट्टा, त्यावर स्पर्श किंवा वेदना न कळणं, कोपरामागची किंवा मानेवरची नस जाड लागणं, एवढ्यावरून आरोग्य केंद्रातही तो ओळखता येतो आणि औषधं मोफत मिळतात. अडचण येते ती काठावरच्या रुग्णांची. लहान मुलाच्या गालावर फिकट डाग आहे. चेहऱ्यावर नसांचं जाळं इतकं दाट असतं की कुष्ठरोग असूनही तिथली संवेदना शाबूत राहू शकते, आणि लहान मूल सुई टोचल्याचं नीट सांगतही नाही. इथे चट्ट्याच्या कडेचा, चरबीपर्यंत खोल तुकडा कामी येतो. पॅथॉलॉजिस्ट त्यात नसेचा बारीक धागा शोधतात. त्या धाग्याभोवती किंवा त्याच्या आतच दाहक पेशींचे पुंजके, म्हणजे ग्रॅन्युलोमा, नसेच्या दिशेने लांबट पसरलेले दिसले की कुष्ठरोगाची ओळख जवळजवळ पटते. मग फाइट-फराको नावाच्या रंगाने जंतू पाहतात. ते निळसर पार्श्वभूमीवर लाल काड्यांसारखे दिसतात. ज्याची प्रतिकारशक्ती या जंतूशी जोरात लढते त्याच्या तुकड्यात एकही जंतू सापडत नाही. ज्याची लढत नाही त्याच्यात पेशीच्या पेशी जंतूंनी भरलेल्या असतात. या दोन टोकांमधल्या पायऱ्या रिडली आणि जॉपलिंग यांनी १९६६ साली मांडल्या आणि अहवालात आजही त्याच पायऱ्यांची आद्याक्षरं येतात.

ग्रॅन्युलोमा त्वचेच्या क्षयरोगातही असतात. म्हणून नुसता 'ग्रॅन्युलोमा दिसला' एवढ्यावर भागत नाही, नस वाचली आहे की गेली हे पाहावं लागतं. या दोन्ही आजारांवर रिफॅम्पिसिन वापरतात. कुष्ठरोगात ते महिन्यातून एकदा देतात, क्षयरोगात रोज. क्षयरोग्याला चुकून कुष्ठरोगाचा कोर्स दिला गेला तर आजार बरा होणार नाहीच, शिवाय जंतू औषधाला दाद देईनासा होण्याचा धोका वाढतो. चार मिलिमीटरच्या तुकड्याने टळणारं नुकसान एवढं मोठं असतं.

कुष्ठरोगात नसांचं नेमकं काय होतं, याचा सूक्ष्मदर्शकाखाली पाठपुरावा करणाऱ्यांत मुंबईच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलचे पॅथॉलॉजिस्ट डॉ. वसंत रामजी खानोलकर होते. त्यांचं दुसरं एक निरीक्षण आपल्या रोजच्या कपड्यांशी जोडलेलं आहे. कमरेवर धोतर जिथे वर्षानुवर्षं घट्ट आवळलं जातं तिथे होणाऱ्या कॅन्सरची नोंद त्यांनी आणि सहलेखक सूर्याबाई यांनी १९४५ साली प्रसिद्ध केली. वैद्यकाच्या पुस्तकांत तो 'धोती कॅन्सर' म्हणून गेला. पुढे परकराच्या नाडीखालच्या अशाच कॅन्सरचीही नोंद झाली. आधी कमरेवर काळा पट्टा पडतो, कातडी जाड होते, खाज सुटते. बहुतेकांचं एवढ्यावरच थांबतं आणि नाडी सैल केली, रुंद पट्टा वापरला की भागतं. पण त्या जागी महिना-दोन महिने न भरणारी जखम किंवा वाढणारी गाठ दिसली, तर आजीला किंवा आईला तुकडा तपासायला घेऊन जाणं हाच शहाणपणा. जुन्या भाजलेल्या व्रणावर पुन्हा पडलेल्या जखमेलाही हेच लागू. "सुरी लागली की कॅन्सर पसरतो" हे घरोघरी ऐकू येणारं वाक्य या बाबतीत फार घातक आहे. बायोप्सीमुळे त्वचेचा कॅन्सर पसरतो याला आधार नाही. उशिरामुळे मात्र तो खात्रीने वाढतो.

बाटली प्रयोगशाळेत पोचली की उत्तर लगेच का मिळत नाही, याचंही कारण आहे. फॉर्मॅलिनमध्ये पेशी जशाच्या तशा घट्ट व्हायला काही तास जावे लागतात. मग अल्कोहोलने तुकड्यातलं पाणी काढतात, झायलीनमधून नेतात आणि वितळलेल्या मेणात मुरवतात. थंड झाला की मेणाची छोटी वडी तयार होते, तिला ब्लॉक म्हणतात. मायक्रोटोम नावाच्या यंत्रावर या ब्लॉकचे ४ ते ५ मायक्रॉन जाडीचे, म्हणजे मिलिमीटरच्या दोनशेव्या भागाइतके पातळ काप निघतात. कापांची फीत कोमट पाण्यावर तरंगत सोडतात, तिच्या सुरकुत्या आपोआप निघतात, आणि खालून काचपट्टी सरकवून ती उचलतात. मग रंग. पेशींची केंद्रकं जांभळी-निळी, बाकी सगळं गुलाबी. बुरशी, जंतू किंवा अमायलॉइड शोधायचं असेल तर आणखी वेगळे रंग, म्हणजे आणखी दिवस.

पॅथॉलॉजिस्टने रुग्ण पाहिलेला नसतो. त्यांच्यासमोर असते काचपट्टी आणि सोबतचा फॉर्म. त्या फॉर्मवर वय, चट्टा कुठे, किती दिवसांचा, काय औषधं झाली आणि डॉक्टरांना कोणत्या आजारांची शंका आहे हे लिहिलेलं असलं तर त्याच काचपट्टीतून दुप्पट अर्थ निघतो. 'स्किन बायोप्सी, कृपया तपासा' एवढंच खरडलेला फॉर्म म्हणजे रुग्णाच्या पैशांचा आणि त्याने सोसलेल्या टाक्याचा अपव्यय, असं माझं स्पष्ट मत आहे. शक्य तर चट्ट्याचा फोटोही सोबत द्यावा. मोबाइलवर तो आता कुणालाही काढता येतो.

तुकडा काढण्याआधी रुग्णाने स्वतःहून सांगायच्या गोष्टी थोड्याच आहेत. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत का, भुलेच्या इंजेक्शनची पूर्वी ॲलर्जी आली होती का, पेसमेकर आहे का, मधुमेह आहे का, आणि जखमेच्या जागी कातडी फुगून वाढते का. गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत, त्याचा धोका थोड्या रक्तस्रावापेक्षा मोठा आहे. घरी आल्यावर पहिला दिवस पट्टी कोरडी ठेवावी. रक्त आलं तर स्वच्छ कापडाने दहा-पंधरा मिनिटं सलग दाबून धरावं, मध्ये मध्ये उचलून पाहू नये. हळद, टूथपेस्ट, पावडर यातलं काही लावू नये. चेहऱ्यावरचे टाके साधारण पाच-सात दिवसांत काढतात, हातपाय आणि पाठीवरचे दहा ते चौदा दिवसांत. पोटरीखालची जखम सावकाश भरते, विशेषतः मधुमेह असेल तर. दुखणं वाढलं, पू आला, ताप आला तर दिलेल्या तारखेची वाट न पाहता दाखवावं. छोटा व्रण कायमचा राहतो आणि सावळ्या त्वचेवर तो काही महिने गडद दिसतो, हे आधीच माहीत असलेलं बरं.

अहवाल हातात आला की बरेच जण फक्त शेवटची ओळ वाचतात आणि तिथे 'सजेस्टिव्ह ऑफ', 'नॉन-स्पेसिफिक' किंवा 'क्लिनिकल कोरिलेशन हवं' असं दिसलं की पैसे फुकट गेल्यासारखे वाटतात. ते फुकट गेलेले नसतात. 'नॉन-स्पेसिफिक' अहवालही बहुधा काही गंभीर आजार मागे ढकलतो आणि डॉक्टरांची यादी लहान करतो. कधी आजारच अजून पुरता उमललेला नसतो. मायकोसिस फंगॉइड्समध्ये तर काही महिन्यांच्या अंतराने दोन-तीनदा बायोप्सी करावी लागणं नवलाचं नाही. म्हणून टाके काढायला जाणं आणि अहवाल घेऊन त्याच डॉक्टरांकडे जाणं ही दोन वेगळी कामं आहेत, पहिलं झालं म्हणून दुसरं सोडू नये. आणि दुसरं मत हवं असेल तर पुन्हा कापून घ्यायची गरज सहसा पडत नाही. मेणाचा ब्लॉक आणि काचपट्ट्या प्रयोगशाळेत जपून ठेवलेल्या असतात. अर्ज करून त्या मागता येतात आणि दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टना नेऊन दाखवता येतात. सोबत पहिला अहवाल आणि फॉर्मची प्रत न्यावी.