देवी, दोन घोडे आणि अंड्यांची टोपली

आमच्या टी.वाय.च्या वर्गात रोलाँ बार्थचं नाव वरचेवर येतं. त्याच्या 1957 च्या ‘मिथॉलॉजीज’ या पुस्तकात कुस्ती, साबण अशा रोजच्या गोष्टींवर छोटे छोटे लेख आहेत. त्यातला एक चक्क एका मोटारीवर आहे: सिट्रोएन डीएस. मोटार म्हणजे आजच्या काळातलं गॉथिक कॅथीड्रल, असं तो म्हणतो. मला त्यातलं काही चालवता येत नाही, ना कार ना कॅथीड्रल. पण हे वाचल्यावर त्या गाडीचा पिच्छा सोडवेना.

सिट्रोएन हे माणसाचं नाव. आंद्रे सिट्रोएन, जन्म 1878, पॅरिस. आधी धंदा दातेरी चाकांचा. त्या चाकांचे दात इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचे असत, आणि गाडीवरचे दोन उलटे व्ही आले ते तिथूनच. पहिल्या महायुद्धात त्यांनी तोफगोळ्यांचा कारखाना चालवला. युद्ध संपल्यावर 1919 पासून तिथेच मोटारी निघू लागल्या. जाहिरातीचा भलताच सोस! 1925 पासून जवळजवळ दहा वर्षं आयफेल टॉवरवर दिव्यांनी त्यांचंच नाव झळकत होतं. 1934 मध्ये ‘त्राक्सिओं आवाँ’ आली: इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना, वेगळी चासी नाही. गाडी टिकली, मालक बुडाला. कर्जापायी कंपनी टायरवाल्या मिशेलिनकडे गेली आणि पुढच्याच वर्षी सिट्रोएन वारले.

मिशेलिनच्या पिएर बुलांजे यांना गाडी हवी होती ती खेडेगावातल्या शेतकऱ्यासाठी. चार माणसं, पन्नास किलो बटाटे, ताशी 60 किलोमीटर वेग. आणि नांगरलेल्या शेतातून नेली तरी टोपलीतलं एकही अंडं फुटता कामा नये. (ही अट मला जाम आवडली. आपल्याकडच्या पावसाळ्यातल्या रस्त्यांसाठी ती कायद्यातच घालायला हवी.) 1939 मध्ये अडीचशेच्या आसपास नमुने झाले, तेवढ्यात युद्ध पेटलं. गाडी जर्मनांच्या हाती पडू नये म्हणून बहुतेक मोडून टाकले, काही लपवले. शेवटी 1948 च्या पॅरिस प्रदर्शनात ती लोकांसमोर आली. नाव टू-सीव्ही, म्हणजे दोन घोडे. इंजिन जेमतेम 375 सीसी, छप्पर कापडाचं. पत्रकारांनी टिंगल केली, लोकांनी मात्र नंबर लावले. काहींना तर गाडीसाठी वर्षानुवर्षं थांबावं लागलं.

आता डीएस. फ्रेंचमध्ये या दोन अक्षरांचा उच्चार ‘देएस’ होतो, आणि त्याचा अर्थ देवी. ऑक्टोबर 1955 मध्ये ती दाखवली, तर एका दिवसात 12,000 मागण्या! तिची खरी जादू पोटात होती. प्रत्येक चाकाजवळ स्प्रिंगच्या जागी पोलादी गोळा. आत रबरी पडदा. एका बाजूला नायट्रोजन, दुसऱ्या बाजूला तेल. चाक खड्ड्यात आपटलं की तेल पडद्याला ढकलतं, वायू दबतो आणि धक्का तिथेच जिरतो. ओझं वाढलं तर पंप जास्त तेल भरून गाडीची उंची तीच ठेवतो. रात्रभर उभी राहिली की दाब उतरून ती खाली बसते. सकाळी चावी फिरवली की उठते. आधी मागचा भाग, मग पुढचा, अगदी गाय उठते तशी. 1962 मध्ये अध्यक्ष द गॉल यांच्यावर पॅरिसजवळ गोळीबार झाला, टायर फुटले, तरीही त्यांची डीएस सुसाट निघून गेली.

बार्थशी माझं भांडण आहे ते एका मुद्द्यावर. कॅथीड्रलसारखीच ही गाडीही अनाम कलाकारांनी घडवली, असं तो सुचवतो. पण इथे तर नावं आहेत! बाह्यरूप फ्लामिनिओ बेर्तोनी या इटालियन शिल्पकाराचं, रचना आंद्रे लफेव्र यांची, तेल-वायूची करामत पॉल माजेस यांची. बेर्तोनी आणि लफेव्र टू-सीव्हीच्या कामातही होते. म्हणजे देवी आणि तिची गावाकडची बहीण एकाच घरातल्या. त्या बहिणीवर बार्थने लेख लिहिला नाही, याचं मला वाईट वाटतं. प्रदर्शनात लोक डीएसला कसे हात लावून बघतात हे त्याने टिपलं, पण बटाट्याची पोती वाहणारी गाडी त्याला बहुधा फार ओळखीची वाटली असावी.

देवीचं उत्पादन 1975 मध्ये थांबलं. दोन घोडे मात्र जुलै 1990 पर्यंत धावले. शेवटची गाडी पोर्तुगालमधल्या मांगुआल्दच्या कारखान्यातून बाहेर पडली. त्यानंतर काही वर्षांनी कंपनीच्याच चाचणीच्या जागेवरच्या एका कोठाराच्या माळ्यावर 1939 चे तीन नमुने सापडले, युद्धात लपवलेले.