पडण्याची भीती आणि तिसरा मजला

म्हातारपणातले पडणे हा आपल्याकडे हाडांच्या डॉक्टरांचा विषय समजला जातो. खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली, वॉकर आला, एवढ्यात ती हकीकत संपते. पण ज्यांचे काहीच मोडले नाही, किंवा जे कधी पडलेही नाहीत, आणि तरीही पडण्याच्या धास्तीने ज्यांनी जिना उतरणे सोडून दिले, त्यांची नोंद कुठल्याच केसपेपरवर होत नाही. हा लेख त्यांच्याविषयी आहे. मी राहतो त्या नवी मुंबईत अशी माणसे जवळजवळ प्रत्येक जुन्या इमारतीत भेटतात.

त्याला या शहराचा जन्मही कारण आहे. सिडकोची स्थापना १७ मार्च १९७० रोजी झाली. त्यानंतरच्या दोन दशकांत वाशी, नेरुळ, बेलापूर इथल्या वसाहतींत जी कुटुंबे आली, ती बहुतेक तरुण होती. तीन-चार मजली इमारतींना लिफ्ट नव्हती आणि तिशीतल्या माणसाला ती हवी आहे असे वाटतही नव्हते. उलट तिसऱ्या मजल्यावर वारा चांगला येतो, म्हणून आम्ही तो आवडीने घेतला. १९९२ मध्ये मानखुर्द-वाशी लोकल सुरू झाली, तेव्हा धावत जाऊन ती पकडणारे पाय आज सत्तरी ओलांडून गेले आहेत. इमारती आणि माणसे एकदमच म्हातारी झाली. पायऱ्या मात्र तेवढ्याच राहिल्या.

वैद्यकशास्त्राने या भीतीची स्वतंत्र दखल घेतली ती १९८२ च्या सुमारास. एकदा पडल्यानंतर काही वृद्ध आधाराशिवाय पाऊलच टाकत नाहीत, भिंत, खुर्ची, माणूस जे हाती लागेल ते घट्ट पकडतात, हे लक्षात आले. त्याला ‘पतनोत्तर लक्षणसमूह’ म्हणता येईल असे नाव मिळाले. पुढे दिसले, की कधीही न पडलेल्यांनाही ही भीती ग्रासते. म्हणजे ती पडण्याचा केवळ परिणाम नव्हे. तिला स्वतंत्र अस्तित्व आहे.

ही भीती पडण्याचे कारणही होऊ शकते. घाबरलेला माणूस अंग ताठ करतो, पावले आखूड टाकतो, नजर पायांशी खिळवतो. चालणे एरवी आपोआप होत असते. आता प्रत्येक पावलाकडे लक्ष द्यावे लागते आणि समोरून येणारी रिक्षा पाहायला लक्ष उरत नाही. १९९७ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी एक साधे निरीक्षण नोंदवले: चालताना कोणी बोलू लागले की जे वृद्ध थांबतात, ते पुढच्या काळात पडण्याची शक्यता जास्त असते. याहून मोठे नुकसान सावकाश होते. बाहेर जाणे कमी झाले की मांड्यांचे स्नायू रोडावतात, तोल बिघडतो आणि भीती स्वतःला खरी करून दाखवते.

सिडनीतल्या ७० ते ९० वयाच्या ५०० लोकांचा एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. संशोधकांनी प्रत्येकाची दृष्टी, स्नायूंची ताकद, तोल मोजून पडण्याचा प्रत्यक्ष धोका काढला आणि त्याला वाटणारी भीतीही मोजली. सुमारे एक तृतीयांश लोकांत या दोहोंचा मेळ बसत नव्हता. ११ टक्क्यांचे शरीर ठीक होते, पण भीती मोठी. २० टक्के त्याच्या उलट: शरीर कच्चे, मन निर्धास्त. अशा निर्धास्तांना पडण्यापासून काहीसे संरक्षणच मिळालेले दिसले, कारण ते हिंडतफिरत होते, माणसांत मिसळत होते. याचा अर्थ पंचाहत्तरीत स्टुलावर चढून आकाशकंदील टांगावा, असा नाही. शरीराइतकीच भीतीचीही तपासणी व्हायला हवी, हा त्याचा अर्थ.

ती मोजायची कशी? येल विद्यापीठाच्या मेरी टिनेटी यांनी १९९० मध्ये सहकाऱ्यांसह एक प्रश्नावली मांडली. ‘तुम्हाला भीती वाटते का?’ असे तीत विचारलेले नाही. आंघोळ करणे, कपाटातून वस्तू काढणे, खुर्चीतून उठणे, दार उघडायला जाणे अशी दहा कामे देऊन ‘हे काम न पडता कराल, असा किती भरवसा वाटतो?’ असे विचारले आहे. हा फरक महत्त्वाचा आहे. भीती एकसंध वाटते. भरवसा मात्र कामागणिक वेगळा असतो आणि एकेका कामापुरता वाढवता येतो.

आमच्या घरी याचा प्रत्यय आला. तीन वर्षांपूर्वी पावसाळ्यात माझी पत्नी जिन्याच्या वळणावर घसरली. कोपर खरचटले, बाकी काही नाही. पण त्यानंतर चार महिने ती खाली उतरली नाही. भाजी वर येऊ लागली, भजनी मंडळ सुटले, मैत्रिणी फोनवर उरल्या. ‘आई, तू उतरूच नकोस,’ असे मुले काळजीने म्हणत आणि ती काळजी भीतीला बळ देई. शेवटी फिजिओथेरपिस्ट बाईंनी कामांची उतरंड करून दिली. आधी घरात खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठणे. मग कठडा धरून अर्धा जिना, मी तिच्या एक पायरी खाली. मग पूर्ण जिना, मग एकटीने, मग हातात रिकामी पिशवी, मग भरलेली. एक पायरी कंटाळवाणी वाटू लागल्याशिवाय पुढची घ्यायची नाही, हा नियम. दिवाळीपूर्वी सुरू केलेले हे काम संक्रांतीपर्यंत चालले आणि ती विरंगुळा केंद्रात तिळगूळ वाटायला गेली.

व्यायामाविषयी पुरावा आता भक्कम आहे. जगभरच्या प्रयोगांचा २०१९ मधला एकत्रित आढावा सांगतो, की घरी राहणाऱ्या वृद्धांत व्यायामाने पडण्याचे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी घटते. तोल आणि ताकद यांचे व्यायाम त्यात मुख्य. नुसते फिरणे पुरत नाही. आपल्या पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगारांनी भिंत, खुर्ची, दोरी यांच्या आधाराने योगासने शिकवली. त्या पद्धतीचा १२ आठवड्यांचा एक छोटा प्रयोग २०१३ मध्ये ऑस्ट्रेलियात झाला आणि वृद्धांचा तोल सुधारलेला दिसला. याच्या जोडीला जमिनीवरून उठायला शिकावे. न दुखावता पडलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना मदतीशिवाय उठता येत नाही, असे अमेरिकेतल्या १९९३ च्या अभ्यासात आढळले. ‘पडले तर काय’ या प्रश्नाचे उत्तर अंगात असले, की भीतीची धार कमी होते. कुशीवर वळणे, हात-गुडघ्यांवर येणे, रांगत पलंगापर्यंत जाणे, मग त्यावर हात रोवून उठणे, हा क्रम दुसरे माणूस जवळ असताना घोटावा.

काही भीती मात्र रास्त असते आणि तिला नेमका पत्ता द्यावा. शेवाळलेले पेव्हर ब्लॉक, झिजलेल्या तळव्याची चप्पल, ओली मोरी, रात्री अंधारात बाथरूमला जाणे, झोपेच्या गोळ्या, उठताच येणारी चक्कर, जिना उतरताना खालची पायरी धूसर दाखवणारा दुहेरी भिंगांचा चष्मा. यांतल्या बहुतेक गोष्टी घरात, चपलेच्या दुकानात किंवा डॉक्टरांशी बोलून सुधारता येतात.

उरतो तो जिना. आमच्याकडे पुनर्विकासाच्या बैठका चालू आहेत. लिफ्ट येईल तेव्हा येईल. तोवर भिंतीच्या बाजूनेही कठडा, प्रत्येक वळणावर चांगला दिवा आणि पायरीच्या कडेला रंगाचा पट्टा, एवढे सोसायटीच्या एका मासिक सभेत मंजूर होऊ शकते. रंगाच्या एका डब्यामुळे तिसऱ्या मजल्यावरचे कोणी यंदाची रांगोळी पाहायला खाली उतरले, तर सोसायटीचा खर्च वसूल झाला असे मी समजेन.