इंटेलच्या घरात वाटणी व्हावी का?

भिवंडी-मालेगावच्या वाचकांना मजुरीवरचे विणकाम नवे नाही. व्यापारी सूत देतो, नमुना सांगतो. यंत्रमागवाला मजुरी घेऊन कापड विणून देतो. पण हाच यंत्रमागवाला बाजारात स्वतःचेही कापड विकू लागला, तर व्यापारी आपला खास नमुना त्याच्या हाती देताना दहा वेळा विचार करील. अमेरिकेची इंटेल कंपनी आज अशाच पेचात आहे.

रॉबर्ट नॉईस आणि गॉर्डन मूर यांनी १९६८ मध्ये स्थापन केलेल्या या कंपनीच्या चिप वर्षानुवर्षे जगातल्या बहुतेक संगणकांत असत. आराखडाही तिचा, कारखानाही तिचाच. १९८७ मध्ये मॉरिस चँग यांनी तैवानात टीएसएमसी काढली, ती मात्र केवळ दुसऱ्यांच्या चिप बनवण्यासाठी. गिऱ्हाइकाशी स्पर्धाच नाही, म्हणून ॲपल, एनव्हीडिया यांनी तिच्यावर भरवसा टाकला. मागे पडलेल्या इंटेलला २०२४ मध्ये सुमारे १९ अब्ज डॉलर तोटा झाला. पंधरा हजारांवर नोकऱ्या कमी करण्याचे तिने जाहीर केले.

मग वाटणी करावी का? एएमडीचे उदाहरण समोर आहे. तिने २००९ मध्ये अबुधाबीच्या भांडवलावर कारखाने वेगळे केले. त्यातून ग्लोबलफाउंड्रीज उभी राहिली. एएमडी पुढे टीएसएमसीकडून चिप बनवून घेऊन सावरली. ग्लोबलफाउंड्रीज मात्र २०१८ मध्ये सर्वांत सूक्ष्म चिपच्या शर्यतीतून बाहेर पडली. एक भाऊ वर आला, दुसरा टिकला पण मागे राहिला.

इंटेलच्या कारखान्यांचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक आज इंटेलच आहे. ते अचानक तुटले तर माग थंड पडतील. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकी सरकारने कंपनीत सुमारे १० टक्के हिस्सा घेतला. कारखान्यांतली इंटेलची मालकी ५१ टक्क्यांखाली गेल्यास आणखी हिस्सा घेण्याचा हक्कही राखला. घाईची वाटणी सरकारलाही नको, हे यावरून दिसते.

आम्हांला वाटते, वेगळे व्हावे, पण टप्प्याटप्प्याने. कारखान्यांचा हिशेब २०२४ पासून वेगळा मांडला जातोच. आता कारभारही वेगळा हवा. गिऱ्हाइकाचा आराखडा ही अमानत आहे, ती जपण्याची पक्की हमी हवी. बाहेरची कामे पुरेशी आली की मगच मालकी वेगळी करावी. घरच्या वाटणीतही शहाणी माणसे आधी दोन्ही भावांची रोजी पक्की करतात, भिंत नंतर घालतात.