फिरत्या यंत्राचा परवाना

पुस्तक विकत घेतलें म्हणजे तें आपलें होतें. तें ओटीवर वाचा कीं माडीवर, ग्रंथकर्ता विचारावयास येत नाहीं. सॉफ्टवेअरची गोष्ट निराळी आहे. तेथें बहुधा ठराविक अटींवर वापरण्याचा परवाना तेवढा मिळतो. मोठ्या कचेऱ्यांत लागणाऱ्या पुष्कळ सॉफ्टवेअरचा परवाना संगणकाचे कोअर, म्हणजे प्रोसेसरांतील प्रत्यक्ष आकडेमोड करणारे विभाग, मोजून देतात. ही मोजणी कधीं कधीं किती अवघड होते, तें आमच्या वाचकांस सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

एका खऱ्या संगणकाच्या पोटांत अनेक आभासी यंत्रें चालवितां येतात. ही युक्ति नवी नव्हे, आय.बी.एम. कंपनीनें १९७२ सालीं ती आपल्या मोठ्या संगणकांसाठीं बाजारांत आणली. खरा संगणक हा वाडा मानला, तर आभासी यंत्रें हीं त्यांतील बिऱ्हाडें होत, व कोअर हे वाड्याचे खण होत. असे अनेक वाडे जोडून समूह करितात. दुरुस्तीसाठीं एखादा वाडा मोकळा करावयाचा झाला, तर काम चालू असतांनाच बिऱ्हाड शेजारच्या वाड्यांत हलवितां येतें.

तंटा येथेंच उत्पन्न होतो. परवाना किती खणांचा घ्यावा? बिऱ्हाड आज राहतें तेवढ्यांचा, कीं तें उद्यां जेथें जाऊं शकेल त्या सर्वांचा?

समजा, प्रत्येकीं १६ कोअरांचे चार संगणक व्हीएमवेअरच्या साह्यानें जोडले आहेत, व त्यांवरील ४ कोअरांच्या एका आभासी यंत्रांत ऑरॅकलचा डेटाबेस चालतो. ऑरॅकलच्या प्रसिद्ध धोरणाप्रमाणें अशी विभागणी परवाना कमी करण्यास पुरेशी नाहीं; म्हणून ६४ ही कोअर हिशेबांत येतात, आणि परवाने सोळापट लागतात. ग्राहक म्हणतात कीं, करारनाम्यांत सॉफ्टवेअर जेथें बसविलें आहे किंवा चालतें तेवढेच प्रोसेसर मोजावयाचे आहेत, व धोरणपत्र हा कराराचा भाग नव्हे. २०१५ सालीं चॉकलेट करणाऱ्या मार्स कंपनीनें ह्याच प्रकारच्या वादांतून ऑरॅकलविरुद्ध कॅलिफोर्नियांतील न्यायालयांत फिर्याद केली. परंतु ती निकालापूर्वींच मागें घेतली गेल्यामुळें प्रश्न अनिर्णितच राहिला.

इतर कंपन्यांचे नियम निराळे आहेत. विंडोज सर्व्हरच्या डेटासेंटर आवृत्तीचा परवाना संगणकाच्या सर्व कोअरांसाठीं घेतला, तर त्यावर वाटेल तितकीं बिऱ्हाडें ठेवितां येतात. परंतु एका संगणकास लावलेला परवाना सामान्यतः ९० दिवसांच्या आंत दुसऱ्यास लावितां येत नाहीं. म्हणून बिऱ्हाड जेथें जाणार, तेथें परवाना आधींच असावा लागतो. आय.बी.एम. आपलें मोजणीचें साधन बसवून नोंदी ठेवल्यास पुष्कळ सॉफ्टवेअरच्या बाबतींत आभासी यंत्रास दिलेल्या कोअरांपुरताच हिशेब मान्य करिते. पोस्टग्रेससारख्या मुक्त डेटाबेसास असा परवानाशुल्काचा प्रश्नच नाहीं.

तेव्हां कारभाऱ्यानें सहीपूर्वीं करारनामा वाचावा, महाग सॉफ्टवेअरसाठीं लहानसा निराळा समूह ठेवावा व त्यास विक्रेत्याची लेखी संमति घ्यावी, आणि कोणतें यंत्र केव्हां कोठें गेलें ह्याची नोंद ठेवावी. तपासनीस दारांत आल्यावर आठवणी कामास येत नाहींत.

आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कांहीं पुढें अशा यंत्रांचे कारभारी होतील. दुसऱ्याच्या श्रमाचें मोल बुडविणें हा अन्याय आहे, व न वापरलेल्या वस्तूचें मोल अजाणतां देणें हा आपल्या संस्थेच्या पैशाचा अपव्यय आहे. दोहोंवर उपाय एकच, तो म्हणजे चोख हिशेब.