बाल-अपराधी आणि विद्यार्थी-सोबती

न्यायशास्त्र, समाजशास्त्र किंवा मानसशास्त्र यांचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याने बाल-अपराधाची कारणे पुस्तकात वाचावीत, त्यांवर परीक्षेत उत्तरे लिहावीत आणि ज्या मुलाविषयी हे सर्व लिहिलेले असते ते मूल मात्र त्याच्या दृष्टीस कधी पडू नये, हा उच्च शिक्षणातील जुना विपर्यास होय. तो दूर करण्याचा एक चिकाटीचा प्रयत्न अमेरिकेतील मिशिगन राज्य विद्यापीठात झाला. प्राथमिक शिक्षकांस त्याचा परिचय उद्बोधक वाटेल. कारण त्यात शाळेचा संबंध पदोपदी येतो.

मुलांसाठी स्वतंत्र न्यायालय असावे, हा विचार अमेरिकेत १८९९ साली शिकागो येथे प्रत्यक्षात आला. हेतू दयेचा होता. परंतु पुढे असे दिसू लागले की, किरकोळ चोरी किंवा मोडतोड करणारे मूल एकदा न्यायालयाची पायरी चढले की शेजारी, शाळा आणि कालांतराने ते मूल स्वतःही त्याला ‘गुन्हेगार’ समजू लागते. अशा मुलांना शक्य तेथे न्यायालयाबाहेरच मार्गावर आणावे, अशी शिफारस राष्ट्राध्यक्षांनी नेमलेल्या आयोगाने १९६७ साली केली. पुढील दशकात मानसशास्त्रज्ञ विल्यम डेव्हिडसन व त्यांचे सहकारी यांनी प्रथम इलिनॉय विद्यापीठात आणि १९७६ पासून मिशिगनमध्ये ही योजना उभी केली.

योजनेचे स्वरूप साधे आहे. पोलिसांनी पकडलेल्या मुलावर रीतसर खटला न चालवता त्यास विद्यापीठाकडे सोपवतात. तेथे हे काम पदवीच्या अभ्यासक्रमाचाच भाग असते. काही आठवडे पूर्वतयारी झाली की एका विद्यार्थ्याकडे एक मूल येते. अठरा आठवडे, आठवड्यास सहा ते आठ तास, विद्यार्थी त्यास भेटतो. तेही कचेरीत नव्हे, तर घरी, शाळेत, मैदानावर. आपल्या कामाचा हिशेब तो दर आठवड्यास अध्यापकांपुढे ठेवतो.

या भेटींत उपदेशाला फारसे स्थान नसते. मूल आणि पालक यांच्यात लेखी करार घडवून आणतात. उदाहरणार्थ, मुलाने सायंकाळी ठरल्या वेळी घरी यावे आणि त्याबदल्यात पालकांनी सुट्टीच्या दिवशी त्यास मित्रांकडे जाऊ द्यावे. करार दोन्ही पक्षांना बांधतो, हे त्यातील मर्म. दुसरे काम मुलाची बाजू मांडण्याचे. शाळेने नाव कमी केले असेल तर विद्यार्थी मुलाबरोबर मुख्याध्यापकांकडे जातो. पुढच्या वेळी मुलाने स्वतः बोलावे, अशी त्याची तयारी करून घेतो. अखेरच्या आठवड्यांत विद्यार्थी हळूहळू बाजूस सरतो.

ही योजना केवळ सदिच्छेवर सोडलेली नाही. कोणत्या मुलास सोबती द्यावा हे चिठ्ठी उचलल्याप्रमाणे ठरवून दोन्ही गटांतील मुलांची पुढील वाटचाल तपासण्यात आली. सोबती लाभलेली मुले पुन्हा न्यायालयापुढे येण्याचे प्रमाण कमी आढळले. १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या तुलनेत मात्र एक विलक्षण गोष्ट दिसली. विद्यार्थ्यांनी काम त्याच पद्धतीने केले, पण देखरेख विद्यापीठाऐवजी न्यायालयाच्या कर्मचाऱ्यांकडे होती, तेथे हा लाभ दिसून आला नाही. सोबती तोच, केवळ त्याच्यामागे न्यायालय उभे राहिले आणि मुलाच्या लेखी तोही न्यायालयाचाच माणूस ठरला, असा याचा अर्थ लावता येतो.

आपल्याकडे बाल न्याय अधिनियम, २०१५ मध्ये नव्या आरंभाचे तत्त्व आहे. मुलाची मागील नोंद, विशेष परिस्थिती वगळता, पुसली जावी असे त्यात म्हटले आहे. चौकशीच्या वृत्तांतातून मुलाचे नाव, पत्ता इतकेच नव्हे, तर शाळाही उघड करण्यास कलम ७४ अन्वये मनाई आहे. प्रकरण निकालात निघाल्यावर चारित्र्याच्या दाखल्यासाठीदेखील पोलिसांनी ती नोंद देऊ नये, असे त्याच कलमात सांगितले आहे. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘वर्तणूक’ हा रकाना असतो. तो भरणारा हात शिक्षकाचा असतो.