संगणकाची दुर्बीण घरी आणण्यापूर्वी

दसरा उलटला, पावसाळी ढग पांगले आणि रात्री गच्चीवर चांदणे दिसू लागले की आमच्याकडे एक प्रश्न हमखास येतो : “सर, मुलांसाठी दुर्बीण घ्यायची आहे, कोणती घेऊ?” पूर्वी प्रश्न एवढ्यावरच थांबत असे. आता त्याला जोड असते, “ती बटण दाबलं की आपोआप ग्रह शोधणारी येते ना, तसलीच हवी.” महाविद्यालयाच्या विज्ञान मंडळाची अशी दुर्बीण मी काही वर्षे हाताळतो आहे. तेव्हा अनुभवाचे चार शब्द सांगायला हरकत नाही.

प्रथम या संगणकाचे काम काय ते पाहू. दुर्बिणीच्या बैठकीत दोन मोटारी असतात. एक तिला आडवी फिरवते, दुसरी वरखाली. हातात धरायच्या रिमोटमध्ये हजारो तारे, तेजोमेघ आणि तारकागुच्छ यांची यादी असते. सुरुवातीला आपण तिला दोन-तीन ठळक तारे दाखवायचे. त्यावरून ती आकाशाचा नकाशा जुळवून घेते आणि पुढे मागाल ती वस्तू समोर आणून ठेवते. दुसरे काम मला अधिक मोलाचे वाटते. पृथ्वी फिरत असल्यामुळे शंभरपट मोठा केलेला शनी साध्या दुर्बिणीतून दोनेक मिनिटांत निसटून जातो. मोटारीची दुर्बीण त्याचा पाठलाग करते. रांगेत वीस मुले उभी असली तर याची किंमत कळते.

मात्र संगणक वस्तू शोधतो, ती उजळ करत नाही. ते काम आरशाचे किंवा भिंगाचे. १५० मिलिमीटर व्यासाची दुर्बीण अंधाराला सरावलेल्या डोळ्याच्या साडेचारशे पट प्रकाश गोळा करते, ७० मिलिमीटरची केवळ शंभर पट. बाजारात लहान भिंगाला मोटार जोडून विकलेल्या दुर्बिणी पुष्कळ आहेत. त्यांच्या यादीत हजारो वस्तू असतात, पण त्यांतल्या बहुतेक दिसतच नाहीत. खोक्यावर ‘५०० पट’ छापलेले पाहून भुलू नये. व्यासाच्या मिलिमीटरच्या दुप्पट, एवढीच मोठे करण्याची खरी मर्यादा. माझ्या मते संगणकाची घ्यायची तर १३० मिलिमीटरच्या खाली उतरू नये.

या मापात सेलेस्ट्रॉन कंपनीची नेक्सस्टार १३० एसएलटी आणि १५० मिलिमीटरची नेक्सस्टार ६ एसई ही नावे नेहमी ऐकू येतात. दुसरीचे नाभीय अंतर १५०० मिलिमीटर. तिला २५ मिलिमीटरची नेत्रिका, म्हणजे आयपीस, लावला की १५०० भागिले २५, म्हणजे ६० पट मोठे दिसते. जुन्या बाजारात मीड कंपनीची दुर्बीण स्वस्तात मिळाली तर जरा थांबावे. ही अमेरिकन कंपनी २०२४ मध्ये बंद पडली, त्यामुळे रिमोट किंवा मोटार बिघडली तर सुटे भाग मिळणे कठीण. २०२३ पासून सीस्टार एस५० सारखी छोटी यंत्रेही आली आहेत. ती मोबाइलवर तेजोमेघाची सुंदर छायाचित्रे दाखवतात, पण त्यांना डोळा लावायला जागाच नाही. शनीचे कडे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यावर मुलाच्या तोंडून जो उद्गार निघतो, तो पडद्यावरच्या चित्राने निघत नाही.

गेल्या वर्षी एक जोडपे आले होते. घरात वडील मराठी, आई कन्नड, मुलगी नववीत. स्कूटरसाठी साठवलेले पैसे त्यांनी दुर्बिणीकडे वळवायचे ठरवले होते. अशा पैशांबद्दल सल्ला देताना जीभ जपूनच वापरावी लागते. मी तीन प्रश्न विचारले. तिपाईसकट तेरा-चौदा किलोचे सामान गच्चीवर कोण नेणार? महिन्यातून किती रात्री जागणार? आणि मुलीला सध्या आकाशातले काय ओळखता येते? तिसऱ्या प्रश्नावर तिघेही गप्प झाले. तेव्हा सहा महिने १० बाय ५० ची द्विनेत्री घेऊन आकाश पाहा, तेवढ्यानेही हौस टिकली तर मोठा खर्च करा, असे सुचवले. साधारण तेवढ्याच पैशांत संगणकाविना २०० मिलिमीटरची डॉब्सनियन येते आणि ती जास्त प्रकाश देते, हेही सांगितले. वडिलांना ते पटले. आईचे म्हणणे मात्र वेगळे होते. घरातल्या अज्जींची पाठ वाकत नाही, दर वेळी निसटलेला ग्रह शोधत बसणे त्यांना जमणार नाही, आणि मुलीइतकीच हौस त्यांनाही आहे. सहा महिन्यांनी त्यांनी ६ एसई घेतली. त्या घरासाठी तोच निर्णय योग्य होता. कोणती दुर्बीण चांगली हे कॅटलॉगवर कमी आणि घरातल्या माणसांवर जास्त अवलंबून असते.

आता जोडसामानाचे. आठ पेन्सिल सेलवर ही दुर्बीण चालते, पण ते सेल लवकर दमतात. आमच्याकडे १२ व्होल्टची, ७ अँपिअर-तासांची यूपीएसची बंद बॅटरी आहे. वीज गेली तरी काम अडत नाही. वायर मात्र फ्यूजसह जाणकाराकडून करून घ्यावी. पिनेचा मधला भाग धन हवा, उलट जोडल्यास यंत्र जळण्याची भीती. नेत्रिकांचा ढीग नको : २५ मिलिमीटरची एक, १० ची एक पुरे. पुढच्या काचेवर हिवाळ्यात दव धरते, त्यासाठी काळ्या फोमची नळी गुंडाळावी. सूर्य पाहायचा असेल तर तोंडाशी बसणारा प्रमाणित सौरफिल्टरच हवा. नेत्रिकेला लावायचा फिल्टर उष्णतेने तडकू शकतो आणि डोळा कायमचा जातो. लहान मुले असलेल्या घरात दिवसा दुर्बीण झाकलेलीच बरी.

आपल्या भागात दुर्बिणीचा खरा शत्रू पावसाळा. चार महिन्यांच्या ओलीत काचेवर बुरशी चढते. जूनपूर्वी सगळे हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावे, पुडीचा रंग बदलला की गरम करून कोरडी करावी.

पहिल्या रात्री यंत्र भलतीकडे वळले तर ते बिघडले असे समजू नये. रिमोट तारीख अमेरिकन पद्धतीने, आधी महिना मग दिवस, अशी मागतो. वेळ ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे. बेळगावसाठी अक्षांश १५.९ उत्तर, रेखांश ७४.५ पूर्व. ‘पूर्व’ऐवजी ‘पश्चिम’ राहिले तरी सगळे चुकते. ध्रुवतारा आपल्याकडे क्षितिजापासून जेमतेम १६ अंश वर, म्हणजे बहुधा शेजारच्या इमारतीमागे. ध्रुवावर रोखावी लागणारी विषुववृत्तीय बैठक म्हणून शहरी गच्चीवर त्रासाची. वर सांगितलेल्या दुर्बिणींना ध्रुव दिसण्याची गरज नाही. उलट दक्षिणेकडे आपण भाग्यवान. अगस्त्य तारा आणि ओमेगा सेंटॉरी हा भव्य तारकागुच्छ युरोपातल्या बहुतेकांना दिसत नाही. मे महिन्यात रात्री साडेदहाच्या सुमारास जांबोटीच्या बाजूला अंधारात गेलात, तर तो गुच्छ दक्षिणेला साखर सांडल्यासारखा दिसतो.

रिमोट विचारतो तेव्हा आर्क्टुरस, स्पायका, अल्डेबरान अशी नावे सांगतो. मुले गोंधळतात. पण आर्क्टुरस म्हणजे स्वाती, स्पायका म्हणजे चित्रा, अल्डेबरान म्हणजे रोहिणी आणि अँटारेस म्हणजे ज्येष्ठा. ही नावे आज्जीला मराठीत ठाऊक असतात आणि अज्जीला कन्नडमध्येही तीच ठाऊक असतात. फरक एवढाच की कन्नडमध्ये कुठल्याही ताऱ्याला ‘नक्षत्र’ म्हणतात, मराठीत ताऱ्यांच्या समूहाला. मृगाचा पाऊस आणि ‘मृगशिरा मळे’ यांत शेतकऱ्याला अंतर वाटत नाही. नरगुंदला जन्मलेले, बागलकोटला शिक्षक असलेले व्यंकटेश बापूजी केतकर याच भागातले. त्यांनी १९११ मध्ये नेपच्यूनपलीकडच्या ग्रहाचे गणित मांडले, तेव्हा त्यांच्या हाती बटणाची दुर्बीण नव्हती.

तेव्हा वाचकहो, यंत्र जरूर घ्या. शक्य असेल तर वाड्यातल्या चार घरांनी मिळून घ्या, कपाटावर धूळ खात पडण्याची शक्यता कमी होते. पण खोके उघडण्याआधी मुलांना घरातल्या वडीलधाऱ्यांबरोबर गच्चीवर बसवून दहा तारे ओळखायला शिकवा. पुढच्या अमावास्येला सुरुवात करता येईल.