कंपनीचे शिबिर आणि आपली मुले

मागच्या महिन्यात आमच्या वस्तीतल्या एक बाई संध्याकाळी आमच्याकडे आल्या. त्यांची मुलगी पदवीधर आहे. दोन वर्षांपासून ती घरीच, स्वयंपाकघराच्या दाराशी टेबल लावून, एका कंपनीचे काम करते. कंपनीला ऑफिस नाही. पगार महिन्याच्या महिन्याला बँकेत जमा होतो. बरोबर काम करणारे चाळीस जण आहेत. कोणी इंदूरला, कोणी कोचीला, कोणी सोलापूरला. साहेबांना तिने लॅपटॉपच्या पडद्यावरच पाहिलेले.

आता या कंपनीने सर्वांना चार दिवसांसाठी एका ठिकाणी बोलावले आहे. तेवढ्यावर भागले नाही. तयारीचे काम ज्या तिघांवर टाकले, त्यांत ही मुलगी आहे.

“ताई, ऑफिस नाही आणि सहल कसली काढतात?” बाईंनी विचारले. “लोक कोण, कुठले, काही माहीत नाही. नाही म्हणावे तर नोकरीवर येईल, हो म्हणावे तर जिवाला घोर.”

मुलीचा प्रश्न निराळा होता. “मावशी, चाळीस माणसांची सोय मी कधी केलेली नाही. सुरुवात कुठून करू?”

आम्ही दोघींशी बोललो, चार जाणत्यांना विचारले, काही वाचले. आज आपल्या समाजातील कितीतरी मुले-मुली अशा नोकऱ्यांत आहेत. म्हणून ती माहिती येथे देत आहोत.

हे शिबिर कशासाठी?

अशा भेटीला ‘रिट्रीट’ किंवा ‘ऑफसाइट’ म्हणतात. आपल्या भाषेत शिबिर म्हणायला हरकत नाही. ही प्रथा बिनऑफिसच्या कंपन्यांतही आहे. वर्डप्रेस हे नाव संगणकावर काम करणाऱ्या मुलांना माहीत असते. त्याच्याशी निगडित ऑटोमॅटिक ही कंपनी २००५ साली निघाली. तिची माणसे अनेक देशांत घरूनच काम करीत आणि वर्षातून एकदा आठवडाभर सारी एकत्र येत. गिटलॅब या कंपनीची माणसे २०१३ साली सर्बियातील नोवी साद या शहरात भेटली. पुढे २०१८ साली त्यांचे शिबिर दक्षिण आफ्रिकेत केपटाउनला आणि २०१९ साली अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सला झाले. २०२० सालचे शिबिर प्राग शहरात ठरले होते, ते करोनामुळे रद्द करावे लागले.

एवढा खर्च कंपन्या हौस म्हणून करीत नाहीत. घरून काम करणारी माणसे एकमेकांशी बहुतेक वेळा लिहूनच बोलतात. लिहिलेल्या दोन शब्दांत आवाज नसतो, चेहरा नसतो. ‘हे आजच हवे’ एवढेच कोणी लिहिले, तर तो रागावला की घाईत आहे, हे कळत नाही. वर्षभर असे गैरसमज साठत जातात. पण त्याच माणसाबरोबर एकदा जेवण झाले, त्याची बोलण्याची पद्धत कळली, म्हणजे पुढे त्याच्या दोन शब्दांचा अर्थ नीट लागतो. शिबिराचा खरा लाभ हाच. म्हणून जे काम पडद्यावर होऊ शकते, ते शिबिरात करू नये. तिथे भाषणे कमी आणि गप्पा जास्त असाव्यात.

तारीख आणि ठिकाण

तयारी निदान तीन महिने आधी सुरू करावी. रेल्वेचे आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडते. पूर्वी ते १२० दिवस आधी उघडत असे. म्हणजे तारीख त्याच्या आधी पक्की हवी.

तारीख ठरविताना सर्वांची दिनदर्शिका पाहावी. दिवाळी, ईद, नाताळ, ओणम कंपनीच्या लक्षात राहतात. १४ एप्रिल, बुद्धपौर्णिमा, धम्मचक्र प्रवर्तन दिन आणि ६ डिसेंबर आपण सांगितल्याशिवाय कोणाच्या लक्षात येत नाहीत. तयारीच्या कामात आपली मुलगी असेल, तर तिने हे संकोच न करता सांगावे. मुलांच्या परीक्षांचे दिवसही टाळावेत.

ठिकाण निवडताना सुंदर छायाचित्रांना भुलू नये. सर्वांत लांबून येणाऱ्या माणसाला किती गाड्या बदलाव्या लागतील, हे आधी पाहावे. रात्री दोन वाजता घाटातल्या हॉटेलवर पोचणारी एकटी मुलगी डोळ्यांसमोर आणावी. मग स्टेशनापासून तासाभरावरचे साधे ठिकाणच बरे वाटू लागते. वीज, पाणी, फोनची रेंज, जवळचा दवाखाना आणि जिना चढू न शकणाऱ्यासाठी तळमजल्याची खोली, एवढे तिघांपैकी एकाने स्वतः जाऊन पाहून यावे.

पैसा आधी कोणाचा?

या मुद्द्यावर आम्ही जास्त बोलणार आहोत. कारण शिबिर आखणारे साहेबलोक नेमके येथेच चुकतात.

पुष्कळ कंपन्या सांगतात, ‘तिकीट तुम्ही काढा, बिल द्या, पैसे नंतर मिळतील.’ ज्याच्याकडे क्रेडिट कार्ड आहे त्याला यात काही वाटत नाही. पण ज्याच्या पगारावर आईचे औषध, भावाची फी आणि घराचा हप्ता चालतो, त्याने विमानाचे सात-आठ हजार कुठून आणायचे? आमच्या ओळखीच्या एका मुलाने अशा तिकिटासाठी आईच्या बचत गटातून कर्ज काढले. पैसे परत मिळायला दोन महिने लागले. व्याज त्याने भरले. कंपनीत तो एक अक्षर बोलला नाही, कारण गरिबी उघडी पडेल अशी लाज वाटली.

म्हणून नियम असा असावा की तिकीट आणि राहण्याचे पैसे कंपनीने परस्पर भरावेत. रिक्षा, चहापाणी यांसाठी थोडी रक्कम सर्वांना आधीच द्यावी. ती सर्वांना सारखीच द्यावी, म्हणजे कोणाला मागावी लागत नाही. ‘नवे कपडे लागणार नाहीत, रोजचे चालतील’ अशी एक ओळ निमंत्रणात जरूर घालावी. त्या एका ओळीने कितीतरी घरांतला खर्च वाचतो.

हिशेबाच्या वहीत प्रवास, राहणे, जेवण, स्थानिक गाडी आणि अडीअडचण असे पाच रकाने करावेत. अडीअडचणीसाठी एकूण रकमेचा दहावा भाग राखून ठेवावा. आणि कंपनीच्या ऐपतीबाहेर जाऊ नये. बफर नावाची अशीच एक बिनऑफिसची कंपनी आपल्या शिबिरांसाठी प्रसिद्ध होती. २०१६ साली पैशाची ओढ लागली, तेव्हा तिला दहा माणसे कमी करावी लागली आणि ठरलेले शिबिरही रद्द करावे लागले. परदेशातल्या शिबिरापेक्षा टिकणारी नोकरी मोलाची, हे कामगाराच्या घरात सांगायला नको.

ताट, पेला आणि आडनाव

जेवणाबद्दल आधी सर्वांना लेखी विचारावे. कोण काय खातो, कोणाला मधुमेह आहे, कोणाला शेंगदाणा चालत नाही. शाकाहारी आणि मांसाहारी पदार्थ वेगळ्या भांड्यांत असावेत, पण माणसांच्या पंगती वेगळ्या नसाव्यात. मांस खाणाऱ्याला कोपऱ्यातले टेबल दाखवणे आपल्याला चांगले ओळखू येते.

१९ व २० मार्च १९२७ रोजी महाडला परिषद भरली, तेव्हा चवदार तळे जवळ असूनही परिषदेसाठी चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले होते. जमलेल्या माणसांना पाणी कोण देणार आणि कसे देणार, हा प्रश्न आपल्यासाठी कधीच किरकोळ नव्हता. शिबिर आखणाऱ्या मुलीने ही जाण आपल्या कामात आणावी.

अशा शिबिरांत रात्री दारू ठेवण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. न पिणाऱ्यावर ‘एक घे, काय होते’ अशी जबरदस्ती होते. आपल्या मुलांनी पंचशील घरातच घेतलेले आहे. त्यांनी हसून नाही म्हणावे आणि त्याचे स्पष्टीकरण देत बसू नये. आखणाऱ्यांनी मुख्य कार्यक्रम दारूशिवायच ठेवावा. गाणी, कॅरम, सकाळचे फिरणे यांनीही माणसे जवळ येतात.

ओळख करून देण्याचा कार्यक्रम सर्वांत नाजूक. पडद्यावर वर्षभर मुलगी नुसत्या नावाने ओळखली जाते. समोरासमोर आल्यावर कोणीतरी विचारतो, “पूर्ण नाव काय? गाव कोणते? वडील काय करतात?” विचारणारा कधी भोळा असतो, कधी नसतो. उत्तर देणारीच्या पोटात मात्र दोन्ही वेळा गोळा येतो. म्हणून ओळखीचे प्रश्न आधीच ठरवून द्यावेत. यंदा कोणते काम चांगले झाले? काय शिकायचे आहे? घरी काम करताना सर्वांत जास्त व्यत्यय कशाचा? या शेवटच्या प्रश्नावर सगळेच हसतात आणि मोकळे होतात. आणि तरीही कोणी आडनाव विचारले, तर मान वर करून सांगावे. आपल्याला लपवायचे काही नाही.

मुलींची सुरक्षितता

कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा २०१३ साली झाला. नोकरीच्या निमित्ताने जिथे जावे लागते ते ठिकाण आणि मालकाने दिलेले वाहन, हे दोन्ही या कायद्याने कामाचे ठिकाणच ठरते. म्हणजे शिबिराचे हॉटेल आणि तिथे नेणारी बसही. दहा किंवा अधिक माणसे असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असावी लागते. त्याहून कमी असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. तक्रार लेखी, घटनेपासून तीन महिन्यांच्या आत करायची असते. समितीतील कोणाशी बोलायचे, त्याचे नाव व फोन निमंत्रणातच छापावा. खोलीत कोणाबरोबर राहायचे हे प्रत्येकीला आधी विचारावे आणि शक्य तर स्वतंत्र खोली द्यावी.

दिवसाची आखणी

पहिला दिवस प्रवासाचा आणि विश्रांतीचा. पुढचे दोन दिवस सकाळी तीन तास बैठक, दुपारनंतर मोकळा वेळ. चौथ्या दिवशी काय ठरले ते लिहून काढावे आणि निघावे. बैठकीत इंग्रजी सफाईने बोलणारेच बोलत राहतात, म्हणून आधी पाच मिनिटे सर्वांनी कागदावर लिहावे, मग वाचावे. बुजरी मुलेही मग मागे राहत नाहीत. बाळंतपण, आजारपण किंवा म्हाताऱ्या आईवडिलांमुळे जे येऊ शकत नाहीत, त्यांना तो लेखी वृत्तान्त पाठवावा आणि न आल्याबद्दल त्यांच्या मनाला लागेल असे काही बोलू नये. परतल्यावर एक दिवस सुटी असावी.

शेवटी त्या दोघींचे सांगतो. आम्ही बाईंना म्हटले, “तुम्हाला काय काय माहीत झाले म्हणजे घोर जाईल, ते मुलीला सांगा.” बाईंनी बोटांवर मोजून सांगितले. हॉटेलचा पत्ता, तिथला फोन, खोलीत सोबत कोण, गाडी कोणती, परत कधी. मुलीने ते एका पानावर लिहिले आणि दुसऱ्या दिवशी आपल्या दोन सोबत्यांना दाखवले. ते पान आता चाळीसही घरी मराठी, हिंदी, मल्याळम आणि इंग्रजीतून जाणार आहे. साहेबांनाही ते सुचले नव्हते.

हिशेबाचे तिने वडिलांना विचारले. वडील मिलमधून सुटल्यापासून वस्तीच्या जयंती मंडळाची वही सांभाळतात. त्यांनी सांगितले, “वर्गणीचा रुपया असो की कंपनीचा, दिला त्या दिवशीच लिहायचा.” पन्नास वर्षे आपल्या वस्त्यांनी भिंतीला पाठ लावून जयंत्या केल्या, पंगती उठवल्या, परगावच्या माणसांना घरात झोपवले. हे ज्ञान आपल्या घरात आहे. मुलींनी ते मागून घ्यावे आणि आईबापांनी ते कमी लेखू नये.

बाईंनी मुलीला होकार दिला आहे. पुढच्या महिन्यात ती निघेल. परत आल्यावर काय झाले, ते तिच्याकडून ऐकूच.